सहीचा शिक्का आणि घराचें दार

संगणकावर एखादें संकेतस्थळ उघडून वाचणें हें वर्तमानपत्र वाचण्याइतकेंच निरुपद्रवी काम आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या कपाटाला हात लावीत नाहीं. घडी घालून ठेवलें कीं त्याचा संबंध संपला. संकेतस्थळांच्या आरंभीच्या काळांत, म्हणजे १९९० नंतरच्या पहिल्या चारपांच वर्षांत, ही समजूत बरीचशी खरीही होती. त्या वेळचें पान म्हणजे मजकूर, चित्रें आणि दुसऱ्या पानाकडे नेणारे दुवे. तें दूरच्या संगणकावरून येई, ब्राउझर तें पडद्यावर मांडी, आणि वाचकाच्या यंत्रांतील कागदपत्रांशीं त्याचें कांहींएक देणेंघेणें नसे. पुढें हें नातें बदललें. तें कोणाच्या सोयीसाठीं बदललें, आणि त्यापायीं एका सबंध राष्ट्राला वीस वर्षें काय सोसावें लागलें, ही हकीकत श्रोत्यांनीं लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. कारण तींतील दोष यंत्राचा थोडा आणि व्यवहाराचा फार आहे.

१९९६ सालीं मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीनें इंटरनेट एक्स्प्लोअरर या आपल्या ब्राउझरची तिसरी आवृत्ति प्रसिद्ध केली. तिच्याबरोबर ॲक्टिव्हएक्स नांवाची एक नवी सोय आली. पानावर नुसता मजकूर असण्याऐवजीं हलतें चित्र असावें, गाणें वाजावें, हिशेबाचा तक्ता मांडतां यावा, अशी मागणी तेव्हां वाढत होती. आणि एकट्या ब्राउझरला हें सारें येत नव्हतें. म्हणून कंपनीनें युक्ति काढली ती अशी: ज्याला जें काम येतें त्यानें त्या कामाचा लहानसा घटक लिहावा, तो वाचकाच्या संगणकावर एकदां बसवावा, आणि मग ज्या पानाला त्या कामाची गरज पडेल त्यानें त्या घटकाला हांक मारावी. प्रत्येक घटकाला जगांत दुसऱ्या कोणाचा नसेल असा एक लांबलचक क्रमांक असे. पानानें तो क्रमांक उच्चारला कीं घटक हजर.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु हा घटक एकदां बसला म्हणजे त्याला धन्याचे सर्व अधिकार मिळत. धनी जी फाइल उघडूं शके ती तोही उघडूं शके. धनी जें पुसूं शके तें तोही पुसूं शके. याच सुमारास सन कंपनीनें जावा नांवाची जी भाषा पुढें आणली होती, तींत निराळा विचार होता. बाहेरून आलेल्या पाहुण्या कार्यक्रमाला एका बंदिस्त अंगणांत ठेवावयाचें, त्यानें तेथें वाटेल तें खेळावें, परंतु ओटी ओलांडून माजघरांत येऊं नये, असा तो बेत. त्या अंगणाच्या भिंतींनाही पुढें भगदाडें पडलीं, आणि २०१३ च्या जानेवारींत अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्यानें ब्राउझरमधील जावा बंदच ठेवण्याचा सल्ला लोकांना दिला. तरी भिंत असावी एवढें तेथें मान्य होतें. ॲक्टिव्हएक्समध्यें भिंतच नव्हती. भिंतीऐवजीं होती सही.

सहीची कल्पना थोडक्यांत अशी. घटक तयार करणाऱ्यानें त्यावर गणिती पद्धतीची एक मोहोर उठवावयाची. तिच्यावरून तो घटक कोणी केला, आणि वाटेंत त्यांत कोणी फेरफार तर केलेला नाहीं ना, हें ब्राउझरला समजे. मग ब्राउझर वाचकाला विचारी: अमक्या कंपनीचा हा घटक आहे, बसवूं काय? वाचकानें होय किंवा नाहीं म्हणावयाचें. सही पाहून होय म्हणणाऱ्याला वाटे कीं, माल चोख असल्याची कोणीतरी हमी दिली. वास्तविक सही सांगत असे तें इतकेंच कीं, माल कोणाचा. दुधाच्या चरवीवर गवळ्याचें नांव घातल्यानें दुधांतलें पाणी कमी होत नाहीं.

हेंच दाखवून देण्यासाठीं फ्रेड मॅक्लेन या अमेरिकन प्रोग्रॅमरनें त्याच वर्षीं एक घटक लिहिला. पान उघडून होय म्हटलें कीं तो घटक विंडोज ९५ चा संगणक सरळ बंद करून टाकी. त्यावर व्हेरिसाइन या दाखले देणाऱ्या कंपनीच्या दाखल्याची रीतसर सही होती. कंपनीनें पुढें तो दाखला रद्द केला हें खरें. पण सही खरी होती आणि संगणकही खराच बंद पडत होता. १९९७ च्या आरंभीं जर्मनींतील केऑस कॉम्प्युटर क्लब या मंडळीनें याहून अंगावर कांटा आणणारा प्रयोग दूरचित्रवाणीवर करून दाखविला. तिचा घटक संगणकांत शिरून क्विकन नांवाचा घरगुती हिशेबाचा कार्यक्रम शोधी, आणि बँकेला पाठवावयाच्या हुकुमांच्या चळतींत आपला एक हुकूम हळूच सरकवून ठेवी. मालक पुढल्या वेळीं आपलीं देणीं भागवूं लागला कीं त्यांबरोबर हेंही देणें भागविलें जाई.

तथापि मुद्दाम दुष्टपणानें लिहिलेले घटक हा या हकीकतीचा लहान भाग होय. चोर चोरी करतो यांत नवल तें काय? खरा घोटाळा झाला तो सज्जनांनीं, नांवाजलेल्या कंपन्यांनीं, चांगल्या हेतूनें लिहिलेल्या घटकांमुळें.

एखाद्या वाड्यांत विश्वासू गडी आहे असें समजावें. सांगितलेलें काम तो बिनचूक करतो, चोरी करीत नाहीं, खोटें बोलत नाहीं. त्याच्यांत खोड एकच: हुकूम कोणाच्या तोंडून आला हें तो पाहत नाहीं. ओसरीवरून धन्यानें "कपाट उघड" म्हटलें तरी तो उघडतो, आणि रस्त्यानें जाणाऱ्या अनोळखी माणसानें खिडकीशीं येऊन म्हटलें तरीही उघडतो. घरांतल्या घरांत हा गडी कितीही गुणी असला तरी त्याला रस्त्याकडच्या खिडकीशीं उभा करणें धोक्याचें. ब्राउझरच्या बाबतींत नेमकें हेंच झालें. संगणकाच्या अंतर्गत कामासाठीं लिहिलेले शेंकडो घटक विंडोजबरोबर येत, इतर कार्यक्रमांबरोबरही येऊन बसत. आणि त्यांतील कोणत्या घटकाला पानांनीं हांक मारावी व कोणत्याला मारूं नये, हें ठरविण्याचा अधिकार ज्यानें तो घटक लिहिला त्याच्याकडेच होता. "हा पानांच्या हातीं देण्यास सुरक्षित आहे" अशी खूण त्यानें केली कीं ब्राउझर ती प्रमाण मानी. परीक्षा देणाऱ्यानेंच आपले गुण मांडावे, अशांतला हा प्रकार.

१९९९ च्या ऑगस्टअखेर खुद्द मायक्रोसॉफ्टला आपल्याच दोन घटकांविषयीं जाहीर करावें लागलें कीं, त्यांवर ही खूण चुकीनें केली गेली होती. त्यांपैकीं एक संगणकाच्या तबकडीवर फाइली लिहूं शकत असे. ब्राउझरमधील असे दोष हुडकून काढणाऱ्यांत बल्गेरियाचा गेऑर्गी गुनिन्स्की हा त्या काळीं अग्रेसर होता, व हें छिद्रही त्यानेंच दाखविलें. कंपनीनें दुरुस्ती दिली. पण दुरुस्ती प्रसिद्ध करणें वेगळें आणि ती घरोघर पोंचणें वेगळें. त्याच वर्षाच्या अखेरीस काक नांवाचा एक संगणकी जंतु निघाला. तो ईमेलमधून येई. पूर्वींच्या पुष्कळशा जंतूंना पत्राला जोडलेली फाइल कोणीतरी उघडावी लागे. याला तेवढेंही नको होतें. आउटलुक एक्स्प्रेस या टपालाच्या कार्यक्रमांत पत्र नुसतें डोळ्यांसमोर आलें कीं पत्रांतील मजकूर त्या घटकाला हांक मारी, घटक इमानानें एक फाइल लिहून ठेवी, आणि त्यापुढें त्या घरांतून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशीं हा जंतु चिकटून जाई. महिन्याच्या पहिल्या तारखेस सायंकाळीं पांचनंतर तो एक थट्टेचें वाक्य दाखवून संगणक बंद करी. दुरुस्ती उपलब्ध होऊन महिने लोटले होते, तरी २००० सालीं काक हा जगांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या जंतूंत गणला जात होता.

अशा घटकांसाठीं मायक्रोसॉफ्टनें जो उपाय योजला त्याला तंत्रज्ञ "किल बिट" म्हणतात. विंडोजच्या नोंदवहींत त्या घटकाच्या क्रमांकापुढें एक खूण केली कीं ब्राउझर त्याला पुन्हां कधींच बोलावीत नाहीं. घटक घरांत राहतो, परंतु खिडकीशीं येत नाहीं. या खुणांच्या याद्या पुढें वर्षानुवर्षें निघत राहिल्या.

२००५ सालचें सोनी बीएमजी या संगीत-कंपनीचें प्रकरण तर शाळेंत शिकवावें इतकें बोधप्रद आहे. गाण्यांच्या तबकड्यांची नक्कल होऊं नये म्हणून कंपनीनें तबकडींतच एक कार्यक्रम घातला होता. तो संगणकांत बसे व स्वतःला दडवून ठेवी. ऑक्टोबरच्या अखेरीस मार्क रुसिनोविच या तज्ज्ञानें तो उघडकीस आणला, मोठी ओरड झाली, आणि तो काढून टाकण्याची सोय ग्राहकांसाठीं संकेतस्थळावर ठेवण्यांत आली. ही सोय म्हणजे एक ॲक्टिव्हएक्स घटक. प्रिन्स्टन विद्यापीठाचे एड फेल्टन व ॲलेक्स हाल्डरमन यांनीं तो तपासला तेव्हां आढळलें कीं, काम आटोपल्यावरही हा घटक संगणकावर तसाच राहतो, आणि कोणत्याही संकेतस्थळानें सांगितलें असतां तेथून वाटेल तो कार्यक्रम आणून बसवितो. पायांतला कांटा काढावयास घेतलेली सुईच पायांत मोडून राहावी, तसें हें झालें.

दोष किती बारीक असूं शकतो याचें उदाहरण २००९ सालचें. जुलैच्या आरंभीं विंडोजमधील चित्रफितीसंबंधींच्या एका घटकावाटें लोकांचे संगणक ताब्यांत घेतले जात असल्याचें उघड झालें. मुळाशीं जाऊन पाहिल्यावर मायक्रोसॉफ्टच्याच तज्ज्ञानें जाहीरपणें लिहिलें कीं, आज्ञांच्या मजकुरांत अँपरसँड हें एक चिन्ह जास्तीचें पडलें होतें. इंग्रजींत "आणि" या अर्थानें जें वळसेदार चिन्ह वापरतात तेंच हें. आज्ञांच्या त्या भाषेंत त्याचा अर्थ "अमक्याचा पत्ता" असा होतो. तेव्हां बाहेरून आलेला मजकूर नेमलेल्या जागेंत न पडतां, त्या जागेचा पत्ता जेथें टिपून ठेवला होता तेथेंच येऊन पडे, व शेजारचेंही पुसून टाकी. शेजारीं काय पुसावें आणि त्या जागीं काय लिहावें हें ठरविणारा मग पाठविणाराच. एका अनुस्वारानें वाक्याचा अर्थ फिरतो हें मराठी शाळेंतील मुलेंही जाणतात. येथें एका चिन्हानें दार उघडलें. हा घटक एटीएल नांवाच्या एका तयार सांच्याच्या खासगी नकलेवर बेतलेला होता. तपास वाढला तेव्हां त्या सांच्याच्या बाहेर वाटलेल्या प्रतींतही निराळे दोष निघाले, आणि इतर अनेक कंपन्यांनीं आपले घटक त्याच प्रतींतून ओतलेले! सांचा दुरुस्त करून भागेना. ओतलेली एकेक मूर्ति तपासून पुन्हां ओतावी लागली. २८ जुलै रोजीं मायक्रोसॉफ्टला आपल्या महिन्याच्या ठरीव वेळापत्रकाबाहेर जाऊन दुरुस्त्या प्रसिद्ध कराव्या लागल्या.

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर, घरच्या तान्ह्या मुलाच्या ओढीनें ती गवळण ज्या कड्यावरून उतरली, तो कडा कोणाच्याही हिशेबीं वाट नव्हता. ती परकी नव्हती म्हणून तेथें बुरूज बांधावयास सवड मिळाली. गुनिन्स्की, फेल्टन, हाल्डरमन हे त्या हिरकणीच्या पंक्तीचे लोक. कडा उतरतां येतो हें ते उघड सांगतात. सगळेच उतरणारे सांगत नाहींत.

आतां त्या राष्ट्राकडे वळावयाचें. दक्षिण कोरिया हा देश घरोघर वेगवान इंटरनेट नेण्यांत जगाच्या पुढें होता. १९९९ च्या सुमारास तेथें बँकेचे व्यवहार संगणकावरून करण्याची तयारी चालली तेव्हां एक अडचण उभी राहिली. अमेरिका बळकट गुप्तलेखनाचीं साधनें सहसा परदेशीं जाऊं देत नसे. देशाबाहेर जाणाऱ्या ब्राउझरांत ४० बिटांचीं दुबळीं कुलपें असत. अशा कुलपावर बँक सोंपविणें कोरियाला पटलें नाहीं, आणि तें योग्यच होतें. १९९८ सालीं तेथील माहिती-सुरक्षा संस्थेनें सीड नांवाची १२८ बिटांची स्वतःची गुप्तलेखन-पद्धति सिद्ध केली. १९९९ सालीं इलेक्ट्रॉनिक सहीचा कायदा झाला, आणि सरकारमान्य संस्थांनीं दिलेलें डिजिटल प्रमाणपत्र बँकेच्या व्यवहारास आवश्यक ठरत गेलें. परदेशांतून येणाऱ्या ब्राउझरांना सीड ठाऊक नव्हती. तेव्हां ती शिकविण्यासाठीं बँकेच्या पानानें ग्राहकाच्या संगणकावर एक घटक बसवावा असें झालें. तो घटक बहुशः ॲक्टिव्हएक्सचा.

२००० च्या जानेवारींत अमेरिकेनें निर्यातीचीं बंधनें बरींच सैल केलीं. मूळ कारण गेलें. पण त्यावर उभारलेला मांडव उभाच राहिला, इतकेंच नव्हे तर वाढला. गुप्तलेखनाच्या घटकाच्या जोडीस कळफलकावर उमटणारीं अक्षरें चोरांपासून झांकणारा दुसरा घटक आला, जंतुनाशक तिसरा, आगभिंत चौथा. बँक बदलली कीं संच बदले. वित्तीय व्यवहारांच्या नियमांचा आधार याला होता, आणि बँकांनाही तें गैरसोयीचें नव्हतें. कारण ग्राहकाचे पैसे गेलेच, तर नियमाप्रमाणें सर्व घटक बसविले होते असें म्हणावयास त्यांना जागा राही, असें टीकाकारांचें म्हणणें होतें. प्रमाणपत्राची फाइल मात्र पुष्कळदां संगणकाच्या तबकडीवर ठरलेल्या नांवाच्या कप्प्यांत पडलेली असे. एकदां आंत आलेल्या चोराला शोधाशोध करावी लागत नसे.

यांतला सर्वांत खोल अपाय घटकांच्या दोषांत नव्हता. तो लोकांच्या बोटांत भिनला. पैसे पाठवावयाचे, खरेदी करावयाची, सरकारी दाखला काढावयाचा, तर प्रत्येक ठिकाणीं "हा घटक बसवूं काय?" या प्रश्नाला होय म्हटल्याशिवाय पान पुढें सरकेना. सही कोणाची आहे हें मनुष्य दहा वेळां वाचील; अकराव्या वेळीं वाचणार नाहीं. पानानें विचारलें कीं होय म्हणावयाचें, असा सराव एका सबंध पिढीला करविण्यांत आला, आणि तोही सुरक्षिततेच्या नांवाखालीं. सहीची सारी योजना ज्या एका गोष्टीवर उभी होती, ती गोष्ट म्हणजे विचार करून नाहीं म्हणणारा मालक. तो मालकच या व्यवस्थेनें नाहींसा केला.

ज्यांच्याकडे मॅक किंवा लिनक्सचे संगणक होते, किंवा जे फायरफॉक्स वापरीत, त्यांना तर बँकेचें दार बहुतेक बंदच असे. कोरिया विद्यापीठांतील कायद्याचे प्राध्यापक किम की-चांग यांनीं याविरुद्ध चळवळ केली, न्यायालयांत दावाही लावला; दाव्यांत त्यांना यश आलें नाहीं. अखेर सरकारच्या मनावर घाव बसला तो एका डगल्यामुळें. "माय लव्ह फ्रॉम द स्टार" ही कोरियन दूरचित्रवाणी-मालिका २०१४ सालीं चीनमध्यें अतिशय गाजली. तिच्या नायिकेच्या अंगावरचा डगला आपल्यालाही हवा अशी चिनी प्रेक्षकांना हौस आली. परंतु कोरियन दुकानांच्या संकेतस्थळांवर त्यांना पैसे भरतां येईनात, कारण तेंच प्रमाणपत्र आणि तोच घटक. मार्चमध्यें राष्ट्राध्यक्षा पार्क गन-हे यांनीं नियम शिथिल करण्यासंबंधींच्या बैठकींत या डगल्याचा मुद्दा काढला. स्वदेशांतील लोकांच्या इतक्या वर्षांच्या तक्रारीला जें साधलें नव्हतें, तें परदेशच्या गिऱ्हाइकाच्या हौशीला साधलें. राज्यकारभाराची ही रीत कोरियापुरतीच आहे असें नाहीं. त्याच वर्षीं खरेदीसाठीं असलेली प्रमाणपत्राची सक्ति उठली, आणि डिसेंबर २०२० मध्यें सरकारमान्य प्रमाणपत्राचें विशेष स्थान कायद्यानें संपलें.

मध्यंतरीं शेजारच्या शत्रूनें या सवयीचा फायदा घेतलाच. २०१८ सालीं उत्तर कोरियाशीं संबंधित समजल्या जाणाऱ्या एका टोळीनें दक्षिणेंतील कांहीं संकेतस्थळांत आपला मजकूर पेरला. तेथें येणाऱ्या पाहुण्याच्या संगणकावर कोणकोणते ॲक्टिव्हएक्स घटक आहेत याची तो मजकूर आधीं मोजदाद करी. मग ज्या घटकाचें छिद्र ठाऊक आहे त्यावाटें टोळी आंत शिरे. नियमानें सर्वांच्या घरीं तींच कुलपें बसविलीं म्हणजे चोराला एक किल्ली पुरते.

ॲक्टिव्हएक्स मागें पडलें म्हणून घटक मागें पडले नाहींत; त्यांनीं वेष पालटला. पूर्वीं घटक ब्राउझरच्या पोटांत राही. आतां तो बाहेर स्वतंत्र कार्यक्रम म्हणून बसतो, संगणक सुरू झाल्यापासून चालूं राहतो, आणि यंत्राच्या आंतल्याआंत एका ठरलेल्या क्रमांकाच्या दाराशीं कान लावून असतो. ब्राउझरमधील पान त्या दारावर थाप मारतें. थाप बँकेच्या पानाची कीं दुसऱ्याच कोणाची, हें ओळखणें पुन्हां त्या घटकाच्याच शहाणपणावर. म्हणजे गडी तोच, खोड तीच, खिडकी तेवढी नवी. ही खोड कोरियापुरती नाहीं, हें २०१९ च्या जुलैंत दिसलें. झूम या सभा-संभाषणाच्या कार्यक्रमानें मॅक संगणकांवर असाच एक कान लावून बसणारा घटक ठेवला होता. एखाद्या भलत्याच संकेतस्थळानें थाप मारली तरी तो मालकाला न विचारतां सभेंत नेऊन बसवी, आणि कॅमेराही सुरू होऊं शके. मालकानें झूम काढून टाकलें तरी हा घटक मागें राही व सांगितल्यास झूम पुन्हां बसवी. शेवटीं ॲपल कंपनीनेंच आपल्या अधिकारांत तो घरोघरच्या संगणकांतून काढून टाकला.

कोरियांतील नव्या वेषाच्या घटकांची झडती व्लादिमीर पालांट या संशोधकानें घेतली व २०२३ च्या जानेवारीपासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत टचएन एनएक्सकी हा कळफलकाचें रक्षण करणारा कार्यक्रम होता. कळफलकावरील अक्षरें चोरांनीं टिपूं नयेत म्हणून तो स्वतःच तीं वाटेंत अडवून घेई. आणि त्याला थाप मारणारें पान कोणाचें याची पारख धड नसल्यामुळें, भलत्या संकेतस्थळालाही त्याच्याकडून हें अक्षरें टिपण्याचें काम करून घेतां येण्यासारखें होतें. कुंपणानें शेत खाणें तें हेंच. त्याच वर्षाच्या मार्चमध्यें दक्षिण कोरियाच्या गुप्तवार्ता खात्यानें जाहीर केलें कीं, इनिसेफ नांवाच्या आर्थिक व्यवहाराच्या सुरक्षा-कार्यक्रमांतील छिद्रावाटें उत्तर कोरियाच्या हस्तकांनीं साठांच्या आसपास संस्थांतील दोनशेंहून अधिक संगणकांत प्रवेश मिळविला. हा कार्यक्रम एक कोटीहून अधिक संगणकांवर बसलेला होता. २०२५ सालीं काइस्ट ही तंत्रविद्या-संस्था व तिच्या सहकारी विद्यापीठांतील संशोधकांनीं अशा सात कार्यक्रमांची तपासणी प्रसिद्ध केली. तींत १९ दोष निघाले. त्यांनीं चारशें लोकांना विचारलें तेव्हां जवळजवळ सर्वांनीं हे कार्यक्रम बसविल्याचें सांगितलें, आणि निम्म्याहून अधिकांना ते काय करतात हेंच ठाऊक नव्हतें.

भारतांत ॲक्टिव्हएक्सची अशी राष्ट्रव्यापी सक्ति झाली नाहीं. तरी हिशेबतपासनीस, कर-सल्लागार आणि निविदा भरणारे कंत्राटदार यांना हा मामला अगदींच अपरिचित नाहीं. जीएसटीच्या संकेतस्थळावर डिजिटल सही करावयाची तर एमसायनर नांवाचा कार्यक्रम संगणकावर बसवावा लागतो. ब्राउझरमधील पान त्याच्याशीं आंतल्याआंत बोलतें, आणि तो यूएसबी टोकनच्या साहाय्यानें सही करून पानाला देतो. सहीची गुप्त किल्ली टोकनबाहेर येत नाहीं, ही यांतील मोठी चांगली गोष्ट. कोरियांतील तबकडीवरच्या फाइलीपेक्षां ही व्यवस्था पुष्कळच बळकट. मात्र टोकन संगणकाला टोंचलेलें ठेवून, त्याच ब्राउझरांत दुसरीं चार पानें उघडीं टाकून जेवावयास जाणें हें बरें नव्हे. काम झालें कीं टोकन काढून पेटींत ठेवावें, आणि सहीचा कार्यक्रमही बंद करावा. एकेकाळीं एखाद्या कामापुरते बसविलेले व नंतर विसरलेले कार्यक्रम संगणकाच्या सेटिंग्जमधील यादींत दिसतात. ती यादी वर्षांतून दोनदां वाचून नको तें काढणें हें काम कोणालाही जमण्यासारखें आहे.

ब्राउझर करणाऱ्यांनीं दरम्यान बरेंच दार लोटलें आहे. क्रोमनें जुन्या तऱ्हेचे बाहेरचे घटक २०१५ सालीं बंद केले. फ्लॅश या चित्रें हलविणाऱ्या घटकाचा आधार २०२० च्या अखेरीस संपला. इंटरनेट एक्स्प्लोअरर १५ जून २०२२ रोजीं निवृत्त झाला. तथापि त्याच्या जागीं आलेल्या एज या ब्राउझरमध्यें जुन्या पानांसाठीं एक खोली राखून ठेविली आहे, तींत जुने ॲक्टिव्हएक्स घटक अजून चालतात, आणि ती निदान २०२९ पर्यंत ठेवण्याचें मायक्रोसॉफ्टनें कबूल केलें आहे. २०२५ च्या अखेरीस क्रोमनें आणखी एक पहारा बसविला. संकेतस्थळाचें पान संगणकाच्या आंतल्या दाराशीं किंवा घरांतील इतर यंत्रांशीं बोलूं पाहत असेल, तर ब्राउझर आधीं मालकाला विचारतो: परवानगी द्यावी काय? विचारणारें संकेतस्थळ कोणतें, हें त्या चौकटींत वरच लिहिलेलें असतें. अडवा म्हटलें तर पान त्या दारापर्यंत पोंचत नाहीं. आणि घाईंत परवानगी दिली गेली असल्यास, पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोंकाच्या खुणेवर बोट ठेवून ती मागाहून परत घेतां येते.